कुत्र्याला फिरवताना लांडगा दिसला, पळाला तर नाहीच उलट सोबत चालत आला. असं होतं का?

पवनचक्कीखालचा (वाशी, धाराशिव)

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचायलो, आज पहिल्यांदा लिहायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात नोकरीला होतो, वडलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं चार महिने झाले गावाकडंच आहे, काम घरून, म्हणजे नेट असलं तर. सोबत ब्रुनो आलाय. लॅब्राडोर, चार वर्षांचा, ३४ किलो. आजी त्याला बारुन्या म्हणते आणि ताकात भाकरी कुस्करून घालते, त्यामुळं हा आता पुण्याला परत येईल असं काही दिसत नाही.

आमच्या गावामागं माळ आहे, बालाघाटाचंच पसरट पठार, वर पवनचक्क्या, आणि त्या कंपनीवाल्यांनी मुरूम टाकून केलेला रस्ता. फिरायला त्याच्याइतकी मोकळी वाट नाही म्हणून रोज सकाळी तिकडंच जातो. परवा सव्वासहाला गेलो. थंडी मरणाची, उजेड अजून पुरता नव्हता. पट्टा सोडलेला होता, खरं सांगतो, रोजच सोडतो. ब्रुनो पुढं वीस-पंचवीस पावलं, कुसळीचं गवत हुंगत नाल्याकडं चाललेला, आणि एकदम थांबला. भुंकला नाही. हा कुत्रा पोस्टमनवर भुंकतो, गॅसच्या टाकीवर भुंकतो, वाऱ्यानं पिशवी उडाली तरी भुंकतो, आणि तो गप्प, म्हणून माझं लक्ष गेलं. मानेपासून शेपटीपर्यंतचे केस ब्रशसारखे उभे राहिले होते.

बघतो तर नाल्याच्या काठावर, पन्नास-साठ फुटांवर एक जनावर. आधी वाटलं गावातलंच कुत्रं आहे. मग पाय बघितले. लांब, काटकुळे, आणि पंजे एवढे मोठे की त्या पायांना शोभंनात. रंग वाळलेल्या गवताचा, पाठीवर काळपट झाक, शेपूट खाली लोंबती सोडलेली. आणि एक सांगतो, तो माझ्याकडं बघतच नव्हता. ब्रुनोकडं बघायलता.

हाक मारायला गेलो तर आवाजच निघंना. हळूहळू जाऊन पट्टा अडकवला, हात एवढे कापायलते की हुक दोनदा निसटला. मग मागं फिरलो, तर हा गडी आमच्या बाजूनं, तेवढंच अंतर राखून, नाल्याच्या काठाकाठानं चालायला लागला. आम्ही थांबलो की तो थांबायचा. दोनशे मीटर तरी आला असेल. मुरमाचा रस्ता गावच्या डांबरीला मिळतो तिथं एक बाभळ आहे, तिथवर आला, उभा राहिला, आम्ही पुढं गेलो तसा मागं वळून नाल्यात उतरला. गुरगुरणं नाही, दात दाखवणं नाही, काहीच नाही.

आता माझं विचारणं एवढंच की हा लांडगाच ना? आणि तो मागं कामून आला असेल? पिसाळलेला असेल का? वडील म्हणायलेत आता तिकडं जायचं नाही, आई म्हणायली कुत्रं पुण्याला पाठवून दे. तुमच्यापैकी कुणाला कुत्र्यासोबत असताना असं काही भेटलंय का?

---

शंकेखोर

फोटो कुठंय? अर्ध्या उजेडात सगळी कुत्री लांडगे दिसतात राव. कोल्हा असेल. सकाळी सकाळी कोल्ह्याचं तोंड बघितलं म्हणजे दिवस चांगला जातो म्हणतात, लॉटरी काढा एखादी.

आणि धाराशिवकरांनी लांडग्याचं काय घेऊन बसलात, तुमच्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मधे कॅमेऱ्यात वाघ आलाय, तो सुद्धा यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. लांडगा दिसला म्हणजे स्वस्तात सुटलात.

---

गवताळ (परभणी)

शंकेखोर, कोल्हा नाही. कोल्हा आठ-दहा किलोचा, पाय आखूड, शेपूट झुबकेदार आणि टोकाला काळी. माणूस बघितला की वाकडातिकडा पळतो, मधेच थांबून वळून बघतो, परत पळतो. खोकड तर अजून लहान, दोन-तीन किलोचं, मोठ्या मांजराएवढं, आणि त्याचंही शेपटीचं टोक काळं. तरस असता तर पाठ पुढून उंच मागं उतरती दिसली असती, अंगावर पट्टे. धागाकर्त्यानं जे लिहिलंय ना, लांब काटकुळे पाय आणि न शोभणारे मोठे पंजे, ते लांडग्याचंच वर्णन आहे, आणि गंमत म्हणजे बघणाऱ्या प्रत्येकाला आधी "गावातलंच कुत्रं" वाटतं. आपल्याकडचा लांडगा तसा बारीकच, वीस किलोच्या आसपास. तुमचा ब्रुनो वजनाला त्याच्या दीडपट आहे. म्हणजे ब्रुनो जिंकला असता असं नाही हां, ताकातल्या भाकरीवरचं वजन ते.

लांडगा जंगलातला प्राणी नाहीच मुळात, माळाचा आहे. आणि आपण माळाला पडीक म्हणतो, त्यामुळं तिथं पवनचक्की बसवा, सोलर बसवा, खदान काढा, कुणालाच काही वाटत नाही. असो, विषय तो नाही.

पिसाळलेला वाटत नाही. पिसाळलेलं जनावर असं मोजून अंतर ठेवत नाही. ते सरळ अंगावर येतं, समोर जे येईल त्याला चावत सुटतं, चाल लटपटते, तोंडाला लाळ. तुमचा तर पार हिशेबानं चालला होता.

---

शेरडंवाला (भूम)

मालक लांडगाच हाय. आमचं सगळं आयुष्य त्याच्याशी भांडण्यात गेलं. आज्ज्याची दोनशे मेंढरं होती, माझ्याकडं आता चाळीस शेरडं आन दहा-बारा मेंढरं ऱ्हायलीत.

त्यानं तुमचा पाठलाग केला नाही, त्यानं तुम्हाला वाटंला लावलं. ह्यात लई फरक हाय. शिकारीवर निघालेला लांडगा तुम्हाला दिसतच नसतोय, दिसला तवा शेरडू गेलेलं असतंय. जो उघडा उभा ऱ्हातो आन तुमच्यासंगं चालतो तो म्हणायलाय की बघितलं तुम्हाला, आता निघा. दिवस कोणते हायत बघा, थंडीचे. ह्याच दिवसात मादी बिळात असती. नाल्याच्या दरडीत, नायतर साळिंदराचं जुनं बीळ असलं तर तेच उकरून मोठं करती. आन नर बाहेर राखणीला असतोय, कधी कधी आदल्या सालची पोरं बी असत्यात. तुमचं कुत्रं कुठं चाललं होतं? नाल्याकडं, नाक जमिनीला लावून. मग तो उठणारच की.

माणसाचं त्याला काय नाही. आम्ही शेरडं घेऊन शंभर पावलांवरून जातो तरी बोरीखाली गप पडून ऱ्हातो, एक कान तेवढा हालतोय. कुत्रं दिसलं की उठतोय. कारण कुत्रं वासावर थेट बिळापोतर जातंय आन कुत्रं म्हणजे त्याच्या हिशेबानं दुसऱ्या टोळीचा लांडगाच झाला ना. तुम्ही एकटे गेला असता तर तुम्हाला तो दिसला बी नसता. तुम्ही म्हणताव ना तो कुत्र्याकडं बघायलता, बराबर हाय. तुम्ही त्याच्या लेखी नव्हताच तिथं.

आता त्याची हुशारी ऐका. दोन सालामागं सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या वावरात शेरडं सोडलती. माझी कुत्री चिमणी, लई इमानी, पर तापट. खालच्या अंगाला बांधावर एक लांडगा येऊन बसला. नुसता बसला. शेपूट बी हालवंना. चिमणी गेली त्याच्यावर भुंकत, तो उठला, जरा पळाला, परत बसला. ही परत गेली. असं करत करत तिला दोन वावरं लांब नेली. मी बी येडा, तिकडंच बघत उभा. तेवढ्यात मागच्या तुरीतून दुसरा निघाला, आवाज न्हाई काय न्हाई, पाटीला (जवान शेळीला) मानंला धरलं आन तुरीत घुसला. एक "में" सुद्धा झालं न्हाई. तूर तेवढी हालली. चिमणी जीभ बाहेर काढून परत आली तवा तिला वाटत असंल की मोठं काम केलं. मढं तुरीच्या पल्याड घावलं, ते न हालवता वनखात्याला फोन केला, पंचनामा झाला, पैसे मिळाले. कुणाचं असं झालं तर मढं जागेवरनं हालवू नका आन फोटो काढून ठेवा.

तवापासून नेम केलाय, कुत्रं शेरडापासून लांब जाऊ द्यायचं न्हाई, कुणी बी समोर येऊन बसू दे. आन गळ्यात खिळ्याचा पट्टा. लोकांला वाटतंय थाटासाठी घालतात. न्हाई. लांडगा म्हणा बिबट्या म्हणा, पहिलं नरडं धरतोय.

आजून एक, मालक. ती जागा गावात कुणाला दाखवू नका. लई वाईट वागतात लोक. बिळाच्या तोंडाला काट्या लावून धूर करतात. आमचं नुकसान करतो तो, शिव्या मी बी देतो, पर पिल्लं मारून काय मिळवायचंय.

---

पवनचक्कीखालचा

शेरडंवाले दादा, अंगावर काटा आला. "एकटे गेला असता तर दिसला बी नसता" हे वाचून मी पाच मिनिटं गप्प बसलो. मला वाटत होतं कुत्रं सोबत आहे म्हणजे आपण सेफ.

---

कारवान_लातूर

लॅब्राडोर घेऊन माळावर जायचं म्हणजे म्हैस घेऊन शर्यतीला जाण्यासारखं हाय भाऊ 😀 कुत्रं बघायचं असेल तर आमच्या चाकूर तालुक्यात जानवळला या. कारवान कुत्रं, लांब केसाचं असलं की पश्मी. २००५ ला पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ हाउंड होतं, ते ह्याच रक्ताचं. पोट आत ओढलेलं, तोंड लांब, एका झेपेत बांध पार. हे वासावर नाही, नजरेवर चालतं. काही हाललं की सुटलं, मग तुमचा आवाज त्याच्या कानात जात नसतो.

पण खरं ते सांगतो, ह्याच नजरेपायी माझी राणी मरता मरता वाचली. मागच्या हिवाळ्यात सकाळी सोबत घेऊन गेलतो, हरभऱ्यातून ससा उठला, राणी सुटली, ससा तुरीत, राणी तुरीत, आणि आतून जो आवाज आला तो सशाचा नव्हता. डुक्कर होतं. एकलगंडा, म्हणजे कळप सोडून एकटा फिरणारा नर. सगळी तूर मोडत निघालं, मी बांधावरच्या लिंबावर कसा चढलो मला माहीत नाही, चप्पल अजून त्या वावरात असेल. राणी बाहेर आली तर पोट बरगडीपासून खाली फाडलेलं, आतली चरबी दिसत होती. अंगातला शर्ट काढून पोटाला गुंडाळला, दोघा जणांनी उचलून गाडीवर. २२ टाके. डॉक्टर म्हणाले सुळा अजून बोटभर आत गेला असता तर आतडं बाहेर आलं असतं.

---

गवताळ (परभणी)

राणी वाचली हे चांगलं झालं. पण ससा उठला आणि राणी सुटली हे "झालं" म्हणून लिहिलंय, तिथं थोडं थांबा. सशामागं, हरणामागं कुत्रं सोडणं ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार आहे, मग खाल्लं काय आणि नुसतं दमवलं काय. काळविटाचा कळप कुत्र्यांनी पळवला तर गाभण माद्या मागं पडतात, तारेच्या कुंपणात अडकतात. मी स्वतः बघितलंय, कुत्रं तिला शिवलंही नव्हतं.

---

कारवान_लातूर

दादा मी शिकार करत नाही, जातच तशी हाय कुत्र्याची, तेच तर सांगायलोय. तवापासून सोडतच नाही. मोकळं पळवायचं असेल तर आमच्या शेतातल्या आखाड्याला चारी बाजूनं जाळी मारलीय, तिथं. आणि पश्मीवर बोलायचं काम नाही 😀

---

उंबरठा (अंबाजोगाई)

लांडगा-डुकराच्या गोष्टी मोठ्या आहेत, माझी आपली पायाखालची. पण मला वाटतं आपल्याकडं कुत्र्यांना खरा धोका हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑक्टोबर होता, सोयाबीन काढून गंजी घालून ठेवलेली, वर ताडपत्री. मळणी यंत्र मिळत नव्हतं म्हणून आठ दिवस तशीच. रोज संध्याकाळी मी आणि मोती (गावठी, तांबडा, सासूबाईंचा लाडका) शेतात चक्कर मारायचो, ताडपत्री नीट आहे का बघायला. त्या दिवशी दिवस बुडालेला. मला कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. लांबलचक, शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना तसा. माझ्या मनात आलं, कुणाची तरी डाळ झाली. आणि मग डोक्यात उजेड पडला की इथं वावरात कुकर कुठला?

तोवर मोतीनं ताडपत्रीच्या कोपऱ्याखाली तोंड घातलं होतं. एकदाच केकाटला आणि मागं उडी मारली. बॅटरी मारली तर घोणस. जाडजूड, अंगावर साखळीसारखे गोल गोल, वेटोळं घालून फुगलेली. मोतीच्या नाकाच्या बाजूला दोन थेंब रक्त, बास, एवढंच. मला वाटलं फार काही नाही. घरी येईपर्यंत अर्धं तोंड पपईएवढं सुजलं आणि जिथं दात लागले होते तिथून रक्त थांबेना.

घरात सल्ले सुरू. चुना लावा, मंदिरात न्या, शेजारच्या काकांनी तर मानेला दोरी बांधा म्हटलं. मानेला! फास लागून मेला असता बिचारा. यजमानांनी गाडी काढली, मधे मोती पोत्यावर गुंडाळून, मागं मी. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी काय केलं तर त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले वीस मिनिटं हलवू नका. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही आणि पुढं किडनीवर जातं, असं त्यांनी सांगितलं. औषध तेच जे माणसाला देतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारींवर चालणारं एकच इंजेक्शन. मला वाटलं कुत्रं लहान म्हणजे डोस थोडा लागेल, तर म्हणाले औषध कुत्र्याच्या वजनाला नाही, आत गेलेल्या विषाला पुरलं पाहिजे, आणि साप काही कुत्रं बघून विष कमी सोडत नाही. बाटल्या गावातल्या दोन मेडिकलमधे नव्हत्या, तिसरीत मिळाल्या. सलाईनमधून दिल्या. रात्रभर मी तिथंच बाकावर.

तिसऱ्या दिवशी त्यानं लघवी केली तेव्हा डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. वाचला. वरच्या ओठाचा तुकडा सडून गळून पडला, त्यामुळं आता एका बाजूनं कायम हसल्यासारखा दिसतो. आणि घरात कुकर लावला की पहिल्या शिट्टीच्या आधी, नुसती वाफ सुटायला लागली की हा अंगणातून भुंकत सुटतो. डाळ शिजेपर्यंत थांबत नाही. आम्ही आता पातेल्यात डाळ शिजवतो.

---

कंपाउंडर_नांदेड

उंबरठा ताईंनी बरोबर लिहिलंय. आमच्या दवाखान्यात पावसाळा ते सोयाबीन काढणी ह्या काळात सापाची कुत्री येतात ती बहुतेक तोंडाला नाहीतर पुढच्या पायाला चावलेली, कारण कुत्रं आधी नाक घालतं नाहीतर पंजा मारतं. दोरी बांधू नका, चिरू नका, चालवत आणू नका, उचलून आणा. साप मारून पिशवीत घालून आणायच्या भानगडीत पडू नका, मागच्या वर्षी एका मालकालाच चावला.

साळिंदराचे काटे लागलेलं कुत्रं घरी पकडीनं ओढू नका. अर्धा काटा आत मोडतो आणि महिन्यानं गाठ घेऊन येता. भूल देऊन काढावे लागतात. साळिंदर काटे फेकून मारतं हे खोटं, ते पाठमोरं होऊन कुत्र्यावर धावतं, कुत्र्याला वाटतं पळायलंय म्हणून हे अजून जवळ जातं.

आणि पिसाळण्याचं. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी, हे सगळ्यांना माहितीय. पण लांडगा, कोल्हा, मुंगूस कुणीही चावलं किंवा ओरबाडलं तर लस दिलेली असली तरी कुत्र्याला परत दाखवा. तुम्हाला स्वतःला लागलं तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून पंधरा, धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. लस तिथं फुकट असते. रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं सीरम वेगळं असतं ते मागून घ्या. पुढचे डोस तारखेला. मिरची, हळद, चुना जखमेत भरून येणारे लोक अजून येतात, जखम बघवत नाही.

एक उलटं पण सांगतो जे कुणी लिहिलं नाही. आपल्या कुत्र्याचे रोग लांडग्या-कोल्ह्याला जातात. डिस्टेंपर, पार्व्हो. ब्रुनोची सगळी लस झालेली असेल तर बिळातल्या पिल्लांवर पण उपकारच.

---

कन्नडकर

आमच्याकडं गौताळा अभयारण्य लागून, त्यामुळं आमचा पाहुणा बिबट्या. बिबट्याच्या बाबतीत शेरडंवाले दादांचं गणित उलटं होतं. लांडग्याला कुत्रं म्हणजे दुष्मन, बिबट्याला कुत्रं म्हणजे जेवण. वरच्या वस्तीवर आमच्या चुलत्याचं कुत्रं ओट्यावर साखळीला बांधलेलं होतं, सकाळी साखळी आणि पट्टा जागेवर, पट्ट्याचं बक्कल सुद्धा लावलेलंच. कुत्रं तेवढं नाही. घरात आठ माणसं झोपलेली, कुणाला आवाज नाही.

शहरात असतं का असं म्हणू नका, २०१९ च्या डिसेंबरात संभाजीनगरात सिडको एन-१ मधे भरवस्तीत बिबट्या पकडला. मागं बीडच्या आष्टी तालुक्यात २०२० ला तर माणसं गेली.

आमचं साधं आहे. दिवस बुडाला की कुत्रं दाराच्या आत, बांधून बाहेर ठेवायचं नाही, बांधलेलं कुत्रं म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं. पहाटे अंधारात फिरवणं बंद, उन्हं आल्यावर. पट्टा आखूड. समोर आलाच तर पाठ दाखवून पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, मोठ्यानं बोलत मागं मागं सरकायचं. कुत्रं लहान असेल तर उचला, ३४ किलोचं असेल तर देव बघून घेईल. आणि १९२६ वर फोन, वनखात्याची हेल्पलाइन आहे, पाठ करून ठेवा.

---

शंकेखोर

सगळ्यांचे वाघ लांडगे बिबटे. आमच्या गल्लीतल्या जर्मन शेफर्डला टिटवीनं पळवून लावलंय. प्लॉटिंगच्या मोकळ्या जागेत खड्यांमधे अंडी घातलेली, खडे आणि अंडी ओळखू येत नाहीत, हा गेला मधून. दोघी वरून सूर मारून डोक्यावरनं जाणार, टीटीव टीटीव टीटीव, हा मान खाली घालून मालकाला ओढत घरी. मालक दहा हजार रुपये देऊन ट्रेनर लावलेला माणूस. दोन महिने झाले, कुत्रं त्या कोपऱ्यावर आलं की रस्ता बदलतं.

---

गवताळ (परभणी)

😀😀 टिटवी म्हणजे माळाची पोलीस पाटील. लांडगा कुठं आहे हे मला कितीदा तिच्यामुळंच कळलंय.

धागाकर्त्याला एक सांगायचं राहिलं. तुमच्या ब्रुनोची नसबंदी झालीय का? विचारायचं कारण, गावकुत्री आणि लांडगे एकमेकांत मिसळायलेत. पुण्याजवळच्या माळावरचं एक जनावर डीएनए तपासून लांडगा-कुत्रा संकर असल्याचं २०२३ मधे जाहीर झालंय. लांडग्याला जोडीदार मिळंना की तो कुत्र्यात शोधतो. आधीच माळ संपत चाललेत, त्यात रक्तही पातळ व्हायलंय. तुमचं एक कुत्रं आवरलं तर एवढं तरी होईल.

---

पवनचक्कीखालचा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. एकेकाचं उत्तर देतो.

गवताळ, नसबंदी पुण्यातच झालीय. कंपाउंडर दादा, लसीचं पुस्तक काढून बघितलं तर रेबीजची तारीख दोन महिन्यांपूर्वीच गेलेली, गावाकडं आल्याच्या नादात राहून गेलं. काल भूमला नेऊन देऊन आणली. कन्नडकर, आता आठ वाजता निघतो, ऊन आल्यावर, तळ्याकडच्या वाटेनं. आणि नवा पट्टा घेतलाय, हुक पितळी आहे, निसटत नाही.

माळाकडं परत गेलो होतो, पण एकटा. कुत्रं घरी ठेवून, दुपारी, मुरमाच्या रस्त्यावरूनच, नाल्याच्या बाजूला उतरलो नाही. शेरडंवाले दादांचं खरं की काय ते बघायचं होतं. अर्धा तास उभा राहिलो. कुणीही आलं नाही. रस्त्याच्या कडेला मऊ मातीत पंजे उमटलेले होते, माझ्या तळहातात जवळजवळ भरतील एवढे, एका ओळीत, सरळ, जसं कुणी दोरी धरून चालावं. आणि त्यांच्या शेजारी ब्रुनोचे परवाचे, वाकडेतिकडे, जागोजागी थांबलेले, एका ठिकाणी गोल फिरलेले. दोन्हीचा फोटो काढलाय, पण टाकत नाही, जागा ओळखू येईल.

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं, बिळाचं, राखणीचं. मला वाटलं आई-वडलांसारखी तीही घाबरंल. ती शेंगा फोडायलती. म्हणाली, "त्याची बाळंतीण असंल रं घरात. कशाला जातूस तिकडं?"

काल रात्री अकराच्या सुमाराला माळाकडनं आवाज आला. कोल्हेकुई नव्हती, ती आम्हाला रोजची आहे. हा एकच लांब सूर होता, मग थांबला, मग दुसरा. ब्रुनो उठला, कान टवकारले, दाराकडं दोन पावलं गेला. मला वाटलं आता भुंकणार. तर वळला, गेला, आणि आजीच्या बाजेखाली घुसून बसला, नुसतं शेपूट बाहेर. आजीनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "बारुन्याला कळलं बाबा, तुला कळायला चार दिवस लागले."